प्रतिष्ठित बागायतदार

औरंगाबादच्या त्या दैनिकात गयास लागला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याला एक गोष्ट शिकवली गेली. माणसाचं नाव उघडंबोडकं छापायचं नाही. किराणा दुकानदार असेल तर प्रसिद्ध व्यापारी, ग्रामपंचायतीला पडलेला असेल तर युवा नेते, आणि शेतकरी म्हटला की चार एकर असो नाहीतर चार गुंठे, प्रतिष्ठित बागायतदार. शिकवणारे मधुसूदनराव हे तिथले उपसंपादक, दुसऱ्यांच्या बातम्या निगुतीनं सुधारण्यात केस पांढरे केलेला सज्जन माणूस. "नावाआधी चार अक्षरं लावली तर कोणाचं काय जातं?" असं ते म्हणायचे.

गयासला ते पटलं. फुलंब्रीच्या बांगडीवाल्याचा तो मुलगा, वय चोवीस. मराठी पेपरात लिहितो याचंच घरात इतकं अप्रूप होतं की काय लिहितो ते कोणी विचारत नसे.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार अकरा साली, सोमालियाच्या चाच्यांनी एक मालवाहू जहाज पळवलं. त्यातल्या अठरा जणांत देवगाव रंगारीचा बद्रीनाथ होता, जहाजाच्या स्वयंपाकघरात हाताखाली काम करणारा. गयास एसटीनं देवगावला गेला. बद्रीचे वडील पुंजाराम दुसऱ्याच्या मोसंबीच्या बागेत रोजंदारीनं जायचे. घर म्हणजे पत्र्याची एक खोली. गयासनं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं, बद्रीच्या आईच्या, सारजाबाईंच्या हातचा चहा प्याला, आणि परत येऊन लिहिलं, 'देवगाव रंगारी येथील प्रतिष्ठित बागायतदार पुंजाराम यांचे चिरंजीव...' आपण खोटं लिहितोय हे त्याच्या मनातही आलं नाही. बाग तर होतीच, दुसऱ्याची का असेना. सारजाबाईंनी ते कात्रण प्लास्टिकमध्ये घालून देवाच्या फोटोशेजारी लावलं.

सात महिने गेले. बद्रीचा पत्ता नाही. मग गयासला अब्दी आठवला. अब्दी सोमालियाचा. औरंगाबादेत कॉलेज करताना पाच वर्षं तो गयासच्या मावशीच्या, ताहेराच्या, रोजाबाग मोहल्ल्यातल्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिला होता. दुकानांच्या पाट्या वाचता वाचता तो चहाच्या हॉटेलात मराठी पेपरही वाचायला लागला होता. फोन केला तेव्हा कळलं की तो आता चाच्यांचाच दुभाष्या झालाय, जहाज कंपनीशी तोच बोलतो. ये, तुला बद्रीला भेटवतो, असं त्यानं बिनदिक्कत सांगितलं.

संपादकांनी ओळखपत्र दिलं आणि जबाबदारी घ्यायची म्हटल्यावर हात वर केले. गयासनं मोटारसायकल विकून सोमालियाचं तिकीट काढलं. मोठा पत्रकार व्हायची हीच वेळ आहे असं त्याला वाटत होतं. बद्रीची काळजीही होती, नाही असं नाही, पण ती दुसऱ्या नंबरावर होती.

चाचे म्हणजे काय काय त्यानं मनात रंगवलं होतं. तिथल्या किनाऱ्यावर अब्दीनं भेटवली ती प्रत्यक्षात रबरी चपला घातलेली, दिवसभर नशेचा पाला चघळणारी वाळकी माणसं निघाली. दुसऱ्या दिवशी त्यानं न विचारता एक फोटो काढला, आणि त्यातल्या एकानं त्याच्या कानाजवळून गोळी झाडली. बाकीचे हसले. त्या क्षणापासून गयासच्या आतलं काहीतरी बंद पडलं. जेवण समोर आलं की तो जेवायचा, उठवलं की उठायचा. त्याला काहीच वाटेनासं झालं.

तिसऱ्या दिवशी बद्रीची भेट झाली, पाच मिनिटं. तो निम्मा झाला होता. सुटकेचं त्यानं काही विचारलंच नाही.

"पेपरात आमच्या दादांचं नाव आलं व्हतं म्हणं," तो म्हणाला. "अब्दीनं वाचून दाखिवलं. बागायतदार लिवलंय. दादा लई खूश झाले असतील."

गयास हो म्हणाला.

बाहेर आल्यावर अब्दीनं सांगितलं की कंपनीशी सौदा मिटलाय, शुक्रवारी जहाज सुटणार. सतरा जण घेऊन. अठरावा श्रीमंत घरचा आहे, त्याच्या बापाकडून वेगळं काढायचं असं म्होरक्यानं ठरवलंय. पुरावा म्हणून त्यानं खिशातून एक कागद काढला. गयासनं तो न वाचताच ओळखला, त्याचीच बातमी होती.

"तेरी खाला के यहाँ मोसंबी आती थी बागायतदार के घर से," अब्दी म्हणाला. "मेरेकू मालूम है बागायतदार क्या होता."

गयास म्हणाला की हे खोटं आहे, मीच लिहिलंय, आम्ही सगळ्यांचंच असं लिहितो. का लिहिता, असं अब्दीनं अगदी साधेपणानं विचारलं. म्होरक्याचा छापील कागदावर विश्वास होता, कोणाच्या तोंडच्या शब्दावर नव्हता. तेव्हा शुक्रवारी जहाज सुटायच्या आत त्याच पेपरात हा माणूस गरीब आहे असं छापून आण, मी दाखवतो, एवढं अब्दीनं कबूल केलं.

अब्दीच्याच फोनवरून गयासनं मधुसूदनरावांना बातमी सांगितली. पुंजाराम शेतमजूर आहेत, त्यांच्याकडे जमीन नाही, द्यायला काहीही नाही. शब्द बदलू नका, असं तो तीनदा म्हणाला. लाइनवर आवाज तुटत होता. मधुसूदनराव हो हो म्हणत होते.

शुक्रवारी सकाळी अब्दीनं कॉम्प्युटरवर पेपर उघडला. बातमी पहिल्या पानावर होती, गयासच्या फोटोसकट. आणि मजकुरात होतं, 'प्रतिष्ठित शेतकरी कुटुंबातील बद्रीनाथ...' मजूर हा शब्द कुठेच नव्हता. मुलगा तिकडे अडकलेला, अशा वेळी त्या घरची गरिबी चव्हाट्यावर मांडायची का, असं मधुसूदनरावांनी पुढं, गयास परतल्यावर, सांगितलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. जहाज दुपारी गेलं. बद्री राहिला.

गयास परतला तेव्हा त्याचा सत्कार झाला. शाल, नारळ, मागे फलक, धाडसी पत्रकार म्हणून. तो खुर्चीत बसून होता. टाळ्या वाजल्या तेव्हा कानाजवळ काहीतरी वाजलं इतकंच त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी तो देवगावला गेला आणि त्यानं पुंजारामांना सगळं सांगितलं, काही न लपवता. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

"वाचलं तवा आम्हालाबी बरंच वाटलं व्हतं, भाऊ," पुंजाराम म्हणाले. "नाय लिहा असं आम्हीबी म्हणलं नाय."

त्यांनी उठून कात्रण काढलं. कुठं ठेवावं ते न कळून हातात धरून उभे राहिले.

चौदा महिन्यांनी अब्दीचा फोन आला. बद्री तापानं गेला होता, तिथंच पुरलं होतं. ती बातमी गयासनं लिहिली. 'देवगाव रंगारी येथील शेतमजूर पुंजाराम यांचा मुलगा बद्रीनाथ याचे निधन झाले.' पान छपाईला जाईपर्यंत तो मधुसूदनरावांच्या टेबलाशी बसून राहिला. त्यांनी एकदा पेन उचललं, त्याच्याकडं पाहिलं आणि खाली ठेवलं.

सकाळी पेपर घेऊन तो देवगावला गेला. शेजारच्या बाईनं बातमी वाचून दाखवली. सारजाबाईंनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "या टायमाला लिवलं असतं बागायतदार, तर कोणाचं काय गेलं असतं, भाऊ?"

गयास उठला आणि अकराच्या एसटीसाठी फाट्यावर जाऊन उभा राहिला.