पाय वडिलांचा, चर्चा आमची

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा बारावी पास होतो, आणि वैशाखऱ्यापासून मुरबाडपर्यंत आपल्याइतका विचार कोणी करत नाही अशी माझी प्रामाणिक समजूत होती. त्याच सुमारास वडिलांना बांधावर गवत कापताना घोणस चावली.

मिशनच्या इस्पितळातल्या इंजेक्शनांनी जीव वाचला, पण आठव्या दिवशी पायाची तीन बोटं काळी पडली. डॉक्टर म्हणाले, "बोटं आत्ता काढली तर पाऊल बहुतेक राहील. थांबलो तर बोटं वाचतीलही, नाहीतर पाऊलच जाईल." वडील झोपले होते. सिस्टरांनी संमतीचा कागद माझ्या हातात दिला. "ते उठले की नीट समजावून सांगा. उद्या सकाळी सही हवी."

रोग्याला काही सांगायचं नाही, ही आमच्या घरची रीत. म्हणून मी वडील सोडून सगळ्यांना सांगितलं.

व्हरांड्यात आई, काका आणि मी अशी बैठक बसली. तिथल्या बाकावर एक ख्रिस्ती धर्माची पुस्तिका असायची. दुसरं काही वाचायला नसल्यामुळे आठ दिवसांत माझी तीनदा वाचून झाली होती. तिच्या जोरावर मी आईला म्हणालो, "ह्यांच्या देवानं माणसाला स्वतःचं ठरवायची मोकळीक दिलीय. माणूस ती चुकीची वापरतो, म्हणून जगात दुःख आहे."

"तुझ्या बानं काय चुकीचं वापरलं? इळा?"

"तसं नाही गं. एकदा मोकळीक दिली की देव मधे पडत नाही."

"माणसाला दिली ती दिली. सापाला कशाला दिली?"

पुस्तिकेत साप होता, पण तो पहिल्या बाईला फळ खा म्हणणारा, बोलणारा. गवतातल्याविषयी तिच्यात अक्षर नव्हतं.

तेवढ्यात ट्रे घेऊन सिस्टर आल्या. त्या केरळच्या, मराठी अगदी पुस्तकी. आईनं तोच प्रश्न त्यांना विचारला.

"आई, हे मी वीस वर्षे प्रार्थनेत विचारते आहे."

"मंग?"

"अजून उत्तर आलेले नाही. तोपर्यंत ड्रेसिंग करते."

त्या गेल्यावर आई म्हणाली, "बाई खरी हाय रं. आपला भगत कदी 'ठावं नाय' म्हणला नाय."

काकांना मात्र भगतच हवा होता. ते एसटीनं गावी गेले, संध्याकाळी परतले. तिथं भगतानं म्हणे सुपात तांदळाचे दाणे मांडले, मोजले, डोळे मिटले आणि सांगितलं, "घरच्यांनी ठरवा."

सकाळी मी बिनसहीचा कागद घेऊन व्हरांड्यात सिस्टरांना गाठलं. "तुम्हीच ठरवा."

"माझा सल्ला, काढा. ठरवणे माझे काम नाही."

"मग देवावर सोडतो."

"देवाने ते तुमच्यावर सोडले आहे."

दोन धर्मांचं इतकं एकमत मी पुन्हा कधी पाहिलं नाही. ज्या मोकळिकीवर मी आदल्या दिवशी व्याख्यान दिलं होतं, ती आता हातात आली होती आणि कागद घामानं ओला होत होता.

"काय रं," आतून आवाज आला, "पाय कोनाचा हाय?"

व्हरांड्याची खिडकी वडिलांच्या उशाशीच होती, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आम्ही सगळे आत गेलो.

"कालपासून ऐकतोय. देव झाला, साप झाला, भगत झाला. मला कोन इचारनार हाय का नाय?" मग सिस्टरांकडे वळून म्हणाले, "लावनीला उभा राहीन ना?"

"बहुतेक राहाल. थोडे वाकडे."

"मंग काढा. आमचं शेत तरी कुठं सरळ हाय?"

कागद माझ्या हातून घेऊन त्यांनी मांडीवर ठेवला आणि सावकाश, एकेक अक्षर उभं करत सही केली. काका म्हणाले, "आमी तेच म्हणत व्हतो."

बोटं गेली, पाऊल राहिलं. पुढच्या लावणीला वडील चिखलात उभे होते, थोडे वाकडे.

नंतरची कितीतरी वर्षं, लग्नात-बारशात कोणी पायाचा विषय काढला की मी पुढे सरसावायचो: "प्रसंग बाका होता. पण आम्ही ठरवलं, काढायचीच!" वडील ऐकून घ्यायचे. एकदा शहापूरला एका लग्नात त्यांनी पत्रावळीवरून मान वर केली.

"तवा हा 'आमी' कुठं गेल्ता रं? मला तर खाटेवर एकटाच मी दिसत व्हतो."