तांबडीचं हूड

सावंतवाडीचा धाकूमेस्त डिचोलीत खाणीवरच्या ट्रकांच्या सीटा शिवायचा. सत्त्याऐंशी साली मी आमची उघड्या टपाची जुनी गाडी त्याच्याकडे नेली. तिचं रेक्झिनचं घडीचं तांबडं हूड पार डागाळलं होतं. लहानपणापासून आम्ही गाडीला 'तांबडी'च म्हणायचो, म्हणून मी बजावलं, "तांबडाच रंग मार."

चार दिवसांनी बघतो तर हूड सायीसारखं पांढरं! माझं डोकंच फिरलं. "मेस्ता, रंग घालवलास!"

"घालवूक रंग होतो खंय, बाब?" त्याने रिठ्याच्या पाण्याची बादली पुढे सरकवली. तळाशी बोटभर लाल गाळ होता. "ही खाणीची माती. मऊ ब्रशान वीत वीत करून काढलंय. एक टाको उसवूक नाय."

मी हुडावरून हात फिरवला. तीस वर्षांपूर्वीची शिवण जशीच्या तशी होती. धुणारे मी खूप बघितले, पण हे काहीतरी वेगळंच होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

गाडी मये गावात घरी नेली. आई दारातून आली आणि हुडाला हात लावून उभी राहिली.

"ह्याच पांढऱ्या हुडाखालून मी नवरी होऊन आले," ती म्हणाली. "तांबडं कधी झालं, कळलंच नाही रे."