खिडकीतून लावलेलं झाड

बाग करायची म्हटलं की मोहिते काका आधी घरात बसत. मातीला हात नंतर. अमेरिकेत आमच्या ॲन आर्बरच्या घरी आले तेव्हा त्यांनी चहाचा कप घेऊन प्रत्येक खिडकीशी खुर्ची टाकली आणि मग मला विचारलं, "पोरी, दिवसभरात जास्त वेळ कुठे उभी असतेस?"

"सिंकपाशी."

"मग झाड तिथून लावायचं."

काका एका संस्थानात बागांचे सुपरिंटेंडेंट होते. इंग्रज साहेबाच्या हाताखाली लागले आणि पुढे साहेबाच्याच खुर्चीवर बसले. राजवाड्याची बाग आखली, क्लबाची आखली. मग संस्थान विलीन झालं आणि त्या जागांवर कचेऱ्या उभ्या राहिल्या. स्वतः लावलेलं एकही झाड मोठं झालेलं त्यांना बघायला मिळालं नाही. म्हातारपणी मुलाकडे अमेरिकेत आले, तर त्याचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. मरण्याआधी एक झाड लावायचं, एवढाच हट्ट उरला होता, आणि त्यांची नजर आमच्या बॅकयार्डवर होती.

मी नाही म्हटलं. "काका, आम्ही एक-दोन वर्षांत परत जाणार. यांचं रिटर्नचं प्लॅनिंग चालू आहे." हे मी दरवर्षी सगळ्यांना सांगायचे. म्हणून आमच्याकडे सगळं कुंड्यांत. मोगरा, कढीपत्ता थंडीत आत आणायचा आणि वसंतात वाळलेला टाकून द्यायचा.

काका भीडभाड ठेवणारे नव्हतेच. "आमचा साहेब असाच. विलायतेहून फुलांचे कंद मागवायचा, आमच्या उन्हात ते कुजायचे. पुढच्या वर्षी घरी जातो म्हणायचा. तिथेच पुरला त्याला. थडग्याशी काय लावावं कळेना, शेवटी बहावा लावला." चहा संपवून म्हणाले, "तू जा खुशाल. बाग कुणी स्वतःसाठी करतं का?"

मी मागचं दार उघडून त्यांना बॅकयार्डात नेलं.

ऑक्टोबरात त्यांनी काठीला लाल टॉवेल बांधून मला बाहेर उभं केलं आणि स्वतः सिंकपाशी उभे राहून काचेतून हातवारे करू लागले. डावीकडे, मागे, अजून मागे. माझी बोटं बधिर झाली.

"काका, कुठेही लावा ना यार," हे वैतागले.

"कुठेही लावायला ती काय तुमची गाडी आहे?"

अखेर क्रॅबॲपलचं, म्हणजे रानसफरचंदाचं, रोप लागलं. फेब्रुवारीत काका गेले. तेव्हा ते रोप म्हणजे बर्फात खोचलेली काटकी होती.

मे महिन्यात भांडी घासताना मान वर केली, तर बरोबर खिडकीच्या मधोमध ते एवढंसं झाड फुलांनी भरून गेलं होतं. त्याच आठवड्यात पुण्याहून यांना फोन आला. इतकी वर्षं वाट पाहिलेली नोकरी मिळत होती.

"काय कळवू?" यांनी विचारलं.

"नाही म्हणून कळवा."

आणि मला रडू कोसळलं. हे परत न जाण्याचं दुःख समजून मला थोपटत राहिले. मला मात्र एवढंच वाटत होतं, की आज काका इथे सिंकपाशी उभे असायला हवे होते.