हात ओढला म्हणून

“ह्यांनीच मोडला बगा हात,” स्ट्रेचरवरच्या रुक्मिणीअक्का मला सांगत होत्या. शेजारी त्यांचे यजमान मारुतीअण्णा मान खाली घालून उभे. जेवण झाल्यावर अक्कांना जमिनीवरून उठवायला त्यांनी हात ओढला आणि कट्‌कन आवाज आला. अण्णांनी गोकुळ रोडच्या वर्कशॉपमध्ये जन्मभर घण मारलेला. त्यामुळे अळणावर गावाहून आलेल्या सगळ्या पाहुण्यांनी ठरवूनच टाकलं, जोर जास्त झाला.

मी हुबळीत हाडांचा डॉक्टर. एक्स-रे पाहिला. धडधाकट दंडाचं हाड असं उठवताना मोडत नाही. मोडल्या जागी ते वाळवी लागल्यासारखं पोखरलं होतं. याला आम्ही पॅथॉलॉजिकल फ्रॅक्चर म्हणतो. हाड आधीच आजारानं खाल्लेलं असतं, धक्का नुसतं निमित्त. पुढे स्कॅनमध्ये फुप्फुसात गाठ दिसली. बायोप्सीत ती कॅन्सरची निघाली, तिथूनच हाडात उतरलेली.

अण्णांना केबिनमध्ये बोलावलं.

“तुमच्यामुळे नाही मोडलं. कूस बदलतानासुद्धा मोडलं असतं.”

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. चेहरा मोकळा झाला. मग मी बाकीचं सांगितलं.

“बरी हुईल काय?”

“हाताचं दुखणं कमी होईल. आजार जाणार नाही.”

ते स्वतःच्या पंजाकडे बघत बसले. “तिला सांगू नका, सर. माझ्यानंच मोडला म्हणून ऱ्हाऊ दे.”

“त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.”

“ती कशाला विचारती? कुणी मोडला ते तिला म्हाईत हाय की.”

हाडात रॉड घातला, नंतर रेडिएशन दिलं. अक्कांना ते ‘शेक’ म्हणून सांगितलं होतं अण्णांनी. डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स विभागातल्या सविताचा फोन आला. “सर, हिस्टरीत ‘हात ओढला’ आहे. इंज्युरीचा कोड लावू?”

कोड म्हणजे प्रत्येक आजाराला दिलेला नंबर. इंज्युरीचा लावला की वाचणारा अपघात समजतो, पुढच्या उपचारांचा संबंधच लागत नाही.

“नको. गाठीमुळे झालेल्या फ्रॅक्चरचा लाव. सोबत कॅन्सरचा.”

कागदावर अण्णा सुटले. घरी नाही.

तपासणीला आल्या की अक्का म्हणायच्या, “ह्यांना सांगा, मला हात लावू नका म्हणून.” पाणीसुद्धा बहिणीच्या हातून घ्यायच्या. मी अण्णांकडे बघायचो, अण्णा खिडकीकडे. आज तरी यांनी विचारावं, असं मला दर वेळी वाटायचं. अक्कांनी कधीच विचारलं नाही.

त्या गेल्यानंतर अण्णा एकदा ओपीडीत आले. मला वाटलं, काही दुखतंय. ते नुसतेच बसले.

“घाबरली न्हाई शेवटपर्यंत. ते बरं झालं,” ते म्हणाले. “पण उठवाय गेलो की हात काढून घ्यायची. शेवटच्या दिवशी बी.”

मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

आता कुणी ‘पेशंटला सांगू नका’ म्हणालं की मी विचारतो, मग दुखण्याचा दोष कुणी घ्यायचा? बहुतेकांनी तेवढा विचार केलेला नसतो. अण्णांनी केला होता, आणि तरी त्यांना तो दोष पेलला नाही.