छबूबाईचा बिब्बा

शेवगावच्या पूर्वेला आमच्या वस्तीवर छबूबाईला न भिणारा माणूस अजून जन्मायचा आहे. नवरा भिमाजी लग्नाच्या दिवसापासून बोलायचाच थांबला, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही, नुसतं सांगतो.

पोराची छाती भरली, पोट धपापायला लागलं की आमच्याकडं त्याला 'डबा' म्हणतात. डबा झाला की पोर छबूबाईकडं. ती बिब्बा तापवून त्याचं तेल सुईनं पोटावर टेकवायची. पोर किंचाळलं की म्हणायची, "रडू दे. रडल्यानं छाती मोकळी हुती."

मग तिच्याच नातीला, दिशाला, डबा झाला. बिब्बा घातला, पोर सावरली, पुन्हा आजारी. असं होत होत पोटावर ठिपक्यांची रांगोळी झाली. ठिपके पिकले, पोर निळी पडली, तेव्हा सून ज्ञानेश्वरीनं सासूला न विचारता तिला नगरला नेलं.

आठवड्यानं छबूबाई मागनं पोचली ती भांडायच्याच तयारीनं; सोबतीला मी होतो. तोवर रक्ताच्या तपासणीचा अहवाल पुण्याहून आला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिच्या पांढऱ्या पेशी भरपूर आहेत. जंतूला गिळतातही, पण गिळलेला जंतू त्यांना मारता येत नाही. जन्मजात दोष आहे. म्हणून छाती सारखी भरते."

नुसतं गिळायचं, काम करायचं नाही. आमच्या सोसायटीचे संचालकच की. पण हे मी छबूबाईसमोर बोललो नाही.

"मंग माझ्या बिब्ब्यानं काय बिघाडलं?"

"आजी, घरातले राखणदार लुळे, आणि तुम्ही भिंतीला भोकं पाडत होता. त्या जखमांतून जंतू आत गेले."

छबूबाई सुनेवर उखडली. "आधी का न्हाई आनली तिला?"

"आत्या, आनते म्हनलं तवा उंबऱ्यात आडवं कोन बसलं हुतं?"

छबूबाई दोन पावलं मागं सरली. वस्तीच्या इतिहासात ही पहिलीच वेळ.

दिशा आता रोज औषध घेते. छाती अजूनही मधूनच भरते.

परवा भावकीतली रुपाली धपापतं पोर घेऊन आली. "काकू, बिब्बा घाला."

"आधी तुझ्या पोटावर घालते. मंग सांग छाती मोकळी झाली का."

"आमच्या थोरल्याला तुमीच घातला हुता की. बरा झाला."

"जगला त्यो त्याच्या नशिबानं. माझ्या हातानं न्हाई. बस टेम्पोत."

भिमाजीनं न बोलता टेम्पो काढला. मीही मागं चढलो, अशी मजा कोण सोडतो? शेवगावच्या दवाखान्यापर्यंत छबूबाई शिव्या देत होती. अडाणी, आंधळी, लेकराची वैरीण.

रुपाली अजून रुसून आहे. तिला वाटतं, त्या शिव्या तिला होत्या.