माजी सासूबाई

आमच्या घरात मी लेखिका आहे. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. वर्षाकाठी एखाद-दुसरी कथा छापून येते. बाकी पोटापाण्यासाठी मी औषधांच्या खोक्यात घडी करून घालतात ती माहितीपत्रकं लिहिते. ती निदान उघडून तरी पाहिली जातात, कथांचं मला खात्रीनं सांगता येत नाही.

माझा कीबोर्ड लग्नाआधीचा होता. कळांवरची अक्षरं पुसून गेलेली, मधल्या रांगेतल्या कळा बोटांनी खोलगट झालेल्या. नवरा म्हणायचा, "अगं, नवीन घे ना एक." मी म्हणायचे, "मला यावरच सुचतं." खरं म्हणजे झिजलेल्या कीबोर्डवर लिहिणारी लेखिका, हे चित्र माझं मलाच फार आवडायचं.

त्याची एक खोड होती. मराठी टाइप करताना 'क'ची कळ शिफ्ट धरून दाबली की 'ख' उमटतो. तसंच 'ग'चा 'घ', 'द'चा 'ध', 'ज'चा 'झ'. माझी डावीकडची शिफ्ट कधीच गेली होती आणि उजवीकडची मनात आलं तरच चालायची. दणकून दाबली तर ऐकायची. पण लिहिण्याच्या भरात जोर कमी पडला की 'खूप'चं 'कूप' व्हायचं आणि 'झोप'ची 'जोप'. मी मागाहून वाचून दुरुस्त करायचे. डोळ्याला खुपेल ते दुरुस्त व्हायचं.

सासूबाई एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत मुकादम होत्या. वाफेनं भरलेल्या त्या तळघरात त्यांची सगळी हयात गेली. ऑपरेशनच्या हिरव्या कापडांपासून लहान मुलांच्या दुपट्यांपर्यंत सगळं त्यांच्या नजरेखालून वॉर्डात जायचं. डाग राहिलेली चादर त्या इस्त्रीच्या टेबलावरून उचलायच्या आणि काही न बोलता परत धुवायला टाकायच्या. बोलल्या असत्या तर बरं, असं तिथली माणसं म्हणत.

त्या निवृत्त व्हायची वेळ आली, तेव्हा लाँड्रीतल्या लोकांनी ठरवलं की त्यांच्यावर एक पानभर मजकूर छापून, फ्रेम करून द्यायचा. घरात लेखिका असताना बाहेर कशाला शोधायचं? लाँड्रीतले इस्त्रीवाले काका मला फोनवर म्हणाले, "डोळ्यांत पाणी आलं पाहिजे बघा."

मी मनावर घेतलं. लिहिता लिहिता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, तिथेच खरं तर सावध व्हायला हवं होतं. ओल्या डोळ्यांनी एकदा वाचलं, 'कूप' वगैरे नीट केलं आणि पाठवून दिलं. छापण्याआधी परत दाखवू का, असं काकांनी विचारलं होतं. मी म्हटलं, "काही गरज नाही."

समारंभ त्यांच्या जेवणाच्या खोलीत होता. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, घरून निघतानाच बजावलं होतं, "कोणी रडायला लागलं तर मी उठून जाईन." त्या स्वतः मात्र सकाळपासून रुमालाचा चोळामोळा करत बसल्या होत्या. आम्ही सगळे पुढच्या रांगेत होतो. काकांनी फ्रेम हातात घेतली आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"माजी सासूबाई," ते म्हणाले आणि थांबले. फ्रेम जरा लांब धरून पाहिली. मग छापलंय म्हणजे बरोबरच असणार, अशा विश्वासानं पुढे निघाले. "माजी सासूबाई म्हणजे या लाँड्रीचा कणा. विस्कटलेल्या गड्यांना त्यांनी आयुष्यभर शिस्त लावली."

मी घड्या लिहिल्या होत्या. चादरींच्या घड्या. पण मागच्या रांगेत धुलाई मशीनवरचे सगळे गडी बसले होते आणि त्यांच्यात खसखस पिकली. कोणीतरी म्हणालं, "हे मात्र खरं आहे."

मी खुर्चीत खाली खाली सरकत होते. शेवटचा परिच्छेद मला पाठ होता आणि त्यात काय आहे ते आता मला दिसायला लागलं. काका आवाज चढवून वाचत होते, "लग्नानंतरच्या कठीण काळात मी खचले, तेव्हा याच माउलीनं मला दीर दिला."

माझे धाकटे दीर उठून उभे राहिले आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला. त्यानंतर खोलीत जे हसू फुटलं ते थांबेना. नवरा तोंडावर हात ठेवून हलत होता. काकांना काही कळेना, ते फ्रेम उलटीसुलटी करून बघत होते.

आई उठल्या. मला वाटलं, निघाल्या. पण त्यांनी काकांच्या हातातून फ्रेम घेतली, शांतपणे वाचली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, मी नोकरीतून निवृत्त होतेय. घरातून नाही." मग त्याही हसल्या. इतक्या हसल्या की रुमाल शेवटी डोळ्यांना लावावा लागला, आणि तो बराच वेळ त्यांनी काढला नाही.

दुसऱ्याच दिवशी नवऱ्यानं नवीन कीबोर्ड आणला. मी निमूटपणे जोडला आणि तो मजकूर पुन्हा टाइप केला. 'झ'ला झ, 'ध'ला ध, सगळं जागच्या जागी. प्रिंट काढून आईंना दिला आणि म्हटलं, "आई, फ्रेममधलं काढून हे लावू या."

त्या खिडकीपाशी बसून वाचत राहिल्या. मी कौतुकाची वाट बघत उभी.

"धीर?" त्या म्हणाल्या. "मी तुला कधी दिला धीर?"

"माझी कादंबरी प्रकाशकाकडून परत आली होती ना, मी दोन दिवस उठले नव्हते. तुम्ही दारात येऊन म्हणालात, 'ऊठ, कपडे वाळत घाल.' मला वाटलं, तुम्ही मला कामाला लावून सावरताय."

त्यांनी थोडा विचार केला. "कपडे खरंच वाळत घालायचे होते गं," त्या म्हणाल्या. "मला कामावर जायला उशीर होत होता."

मग त्यांनी तो कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि बाजूला सरकून खिडकीपाशी मला जागा करून दिली.