एकशेतीस व्होल्टची हुशारी

आमच्या घरातली एकच वस्तू मी आजवर दुरुस्त केली आहे, आणि त्या दुरुस्तीचा आवाज आमच्या घाटकोपरच्या इमारतीत पाचव्या मजल्यापर्यंत ऐकू गेला. आम्ही दुसऱ्यावर राहतो.

शनिवारी सकाळी वीज गेली आणि परत आली ती अंगात आल्यासारखी. दिवे भगभगले, पंखा विमानासारखा घोंगावला आणि आमचं वॉशिंग मशीन मधेच गप्प झालं. पुढचं गोल दार लॉक, आत अर्ध्यापर्यंत पाणी, आणि त्या पाण्यात शेजारच्या लोपीस आंटींच्या नातीचा पांढराशुभ्र ड्रेस! दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये त्या नातीचं, मिशेलचं, फर्स्ट कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा सोहळा. आंटींचं मशीन बिघडलेलं, म्हणून आईनेच मोठ्या मनाने "आमच्याकडे टाका हो" म्हटलं होतं.

"बाही दिसतेय गं," आंटी काचेला नाक लावून म्हणाल्या. "पण हात कसा घालायचा?"

मेकॅनिक फोनवर म्हणाला, सोमवारी येतो.

"मेकॅनिक कशाला?" बाबा गरजले. "आमची सई इंजिनिअर आहे!"

(आहे. इलेक्ट्रॉनिक्सची. कॉलेजात चार वर्षांत मी स्क्रू ड्रायव्हर दोनदा हातात घेतला. त्यातही एकदा जेवणाचा डबा उघडायला.) पण चारचौघांत 'नाही' म्हणणं मला जमत नाही. मी प्लग काढला आणि मशीनचं वरचं झाकण उघडलं.

आणि दोष चक्क सापडला! वीज जिथून आत शिरते तिथे शर्टाच्या बटणाहून जरा मोठी, निळी चकती असते. तिला व्हॅरिस्टर म्हणतात. व्होल्टेज अचानक चढलं की सगळा लोंढा ती स्वतःवर घेते आणि पुढचं सर्किट वाचवते. आमच्या चकतीने कर्तव्य बजावलं होतं. काळी ठिक्कर पडून दुभंगली होती, शेजारचा फ्यूज उडाला होता. दोन्ही नवे लावले की झालं! चकतीवरचे आकडे जळून गेले होते, म्हणून मी एक व्हिडिओ पाहिला. एक गोरा, अतिशय समजूतदार माणूस सांगत होता, घरातल्या विजेसाठी एकशेतीस व्होल्टची घ्या.

दुकानदाराने भुवया उंचावल्या. "घरच्या मशीनला? मॅडम, सगळे दोनशे पंच्याहत्तरची नेतात."

माझ्यामागे चार माणसं ताटकळत होती. प्रश्न विचारला असता तर माझी फजिती चौघांना ऐकू गेली असती.

"मला माहितीये," मी म्हणाले.

"पक्का ना?"

मी मान डोलावली. इतकी ठाम मी आयुष्यात कधीच नव्हते.

घरी येऊन सोल्डरिंगचा डाग देऊन नवी चकती आणि फ्यूज बसवला, प्लग लावला. आई, बाबा, आंटी, मिशेल असे सगळे ओळीने उभे.

"दाबू बटण?" बाबांनी विचारलं.

"दाबा."

त्यांचं बोट बटणाकडे जात असताना मला आठवलं की तो माणूस अमेरिकेत राहतो. तिथे घरात एकशेवीस व्होल्ट असतात. आपल्याकडे दोनशेतीस!

"बाबा, थां..."

धडाम्!

मशीनमधून ठिणगी, मग धुराचा लोट. घरची वीज गेली. मिशेल किंचाळली, आई "अगं बाई गं!" म्हणत सोफ्यावर चढली. बाबा मात्र बाहेर धावले. गेल्याच महिन्यात सोसायटीत आग विझवायचं प्रशिक्षण झालं होतं, आणि तेव्हापासून ते आगीची वाटच बघत होते! जिन्यातला लाल सिलेंडर घेऊन ते परतले.

"अहो, आग नाहीये!" आई ओरडली.

"लागण्याआधीच विझवायची!"

फुस्स्स्! सोफा, टीव्ही, फ्रिज, आई, सगळ्यांवर पावडरचा थर. अख्ख्या घरात एकच गोष्ट स्वच्छ होती, आणि ती त्या बंद काचेआड तरंगत होती.

आंटी सगळ्यात आधी सावरल्या. निदान पाणी तरी काढू म्हणून त्यांनी गुडघे टेकून मशीनच्या तळाशी असलेली छोटी झडप उघडली. लादीवर पावडरचं पिठलं झालं.

"ही केशरी दोरी कसली गं?" त्यांनी विचारलं, आणि ओढली.

खट्! दार उघडलं.

अडीनडीला दार उघडायचीच दोरी होती ती. मॅन्युअलमध्ये तिचं चित्रही आहे. (मी नंतर पाहिलं.) मिशेल रविवारी त्याच ड्रेसमध्ये चर्चला गेली, आणि इतकी सुंदर दिसली की आंटींनी आम्हाला माफ केलं.

सोमवारी मेकॅनिक आला. झाकण उघडून त्याने जळकी चकती चिमटीत धरून बाहेर काढली.

"हे कुणी लावलं हो?"

आई माझ्याकडे बघायला लागली. बाबा छताकडे.

"आधीच्या मेकॅनिकने," मी म्हणाले.

"असल्या अडाणी माणसाला परत घरात घेऊ नका."

"नाही घेणार," मी म्हणाले, आणि त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेले. गॅस आईने पेटवून दिला. मला हात लावू दिला नाही.